तोंड आखडण्याच्या रोगाची कारणमीमांसा

भोजनोत्तर सुपारीचें तबक पुढें करणें हा महाराष्ट्रांतील आतिथ्याचा जुना संकेत आहे. मंगलकार्यांत गणपति म्हणून सुपारी पुजिली जाते आणि सोयरीक ठरली म्हणजे सुपारी फोडली जाते. इतका मान ज्या फळाला मिळाला, त्याजवर रोगाचा आळ घेणें कोणासहि रुचणार नाहीं. तथापि तोंडाच्या एका चिवट रोगाच्या कारणांचा शोध सत्तरांहून अधिक वर्षें चालला असून तो अखेर याच फळापाशीं येऊन पोंचला आहे.

या रोगाला वैद्यकांत ‘ओरल सबम्युकस फायब्रोसिस’ असें नांव आहे. तोंडाच्या अंतस्त्वचेखालीं दीर्घकाळ दाह होत राहून तेथील लवचिक भागांत ताठर तंतु सांचणें, हें त्याचें स्वरूप होय. आरंभ अगदीं क्षुल्लक वाटतो. तिखट आमटी तोंडाला लागतांच आग होते. कधीं बारीक फोड येतात. तोंड कोरडें पडतें. रोगी तिखट सोडतो, आग थांबते, आणि विकार गेला असें तो मानतो. पुढें गालांची आंतली बाजू व टाळू पांढुरकी पडते. बोट फिरविलें तर आंत दोऱ्यांसारखे पट्टे लागतात. शेवटीं मोकळी जांभई देतां येत नाहीं, जीभ पुरती बाहेर येत नाहीं, आणि भाकरीचा घांस घेणेंहि कष्टाचें होतें.

१९५२ सालीं श्वार्ट्झ यांनीं केनियांतील पांच भारतीय स्त्रियांच्या तोंडांत हा विकार पाहून त्याचें वर्णन केलें. त्यांनीं दिलेल्या लॅटिन नांवांतच ‘कारण अज्ञात’ असा अर्थ होता. त्याच सुमारास मुंबईचे डॉ. जोशी यांनीं टाळूच्या अशाच विकाराची माहिती प्रसिद्ध केली. १९६६ मध्यें डेन्मार्कचे पिंडबोर्ग आणि मुंबईच्या डॉ. सत्यवती सिरसाट यांनीं या रोगाची नेमकी व्याख्या बांधली. रोगाला नांव मिळालें, लक्षणें ठरलीं. परंतु तो होतो कां, हा प्रश्न उरला.

पहिला संशय आला तो मिरचीवर. रोगी भारतीय, त्यांचा आहार तिखट, आणि तक्रारहि तिखट सोसत नसल्याची. तेव्हां हा तर्क स्वाभाविक होता. मिरचीला तिखटपणा देणारें द्रव्य उंदरांच्या टाळूला लावून मुंबईंत डॉ. सिरसाट व डॉ. खानोलकर यांनीं १९६० च्या सुमारास प्रयोगहि केले. परंतु मेक्सिकोंतील लोक मिरची कमी खात नाहींत, आणि तेथें हा रोग आढळत नाहीं. मिरची आंत दडलेला रोग जाणवून देते. तो उत्पन्न करीत नाहीं.

दुसरा तर्क पोषणाच्या उणिवेचा. पुष्कळ रोग्यांच्या रक्तांत लोह कमी असतें; ‘ब’ जीवनसत्त्वाची उणीवहि दिसते. अशा वेळीं अंतस्त्वचा नाजूक होते व तिला इजा लौकर पोंचते, यांत शंका नाहीं. मात्र ज्याला तोंड उघडून जेवतां येत नाहीं, त्याचें पोषण खालावणें हेंहि ओघानेंच येतें. म्हणून उणीव ही रोगाला साहाय्यकारी म्हणतां येईल. मूळ कारण म्हणतां येणार नाहीं.

तिसरा तर्क आनुवंशिकतेचा. एकाच घरांतील दोघे सारखीच सुपारी खातात आणि रोग एकालाच होतो, हें पुष्कळदां दिसतें. प्रकृतिभेदाचा कांहीं भाग यांत असला पाहिजे. पण ठिणगी पडल्यावांचून वाळलेलें गवतहि पेट घेत नाहीं.

सामान्य माणसाचा समज असा कीं, दोष सारा तंबाखूचा, आणि नुसती सुपारी निरुपद्रवी. या समजाला उत्तर तैवान व चीनचा हूनान प्रांत येथें मिळतें. तेथील लोक सुपारी चघळतात, पण तींत तंबाखू मिसळीत नाहींत. तरीहि हा रोग तेथें आहे. तंबाखूचे इतर दुष्परिणाम भयंकर आहेत. तोंड आखडण्याचा दोष मात्र प्रामुख्यानें सुपारीकडेच जातो.

सुपारी हें कसें घडविते? तिच्यांत अरेकोलीन नांवाचें द्रव्य असतें. तें तंतु निर्माण करणाऱ्या पेशींना चेतवितें. सुपारीला तुरट चव देणारीं टॅनिन द्रव्यें त्या तंतूंना इतके टणक करितात कीं, शरीराला ते नेहमींप्रमाणें विरघळवितां येत नाहींत. चामडें कमावण्यासारखीच ही क्रिया आहे. शिवाय सुपारींत तांबें पुष्कळ असतें, आणि तें तंतूंना एकमेकांशीं जखडणाऱ्या विकराला बळ देतें. नवे तंतु सतत घडत राहावेत आणि जुने मोडूं नयेत, असा हा दुहेरी घाला आहे. त्यांत कठीण खांडांचें रोजचें घर्षण भर घालतें.

पूर्वीं हा रोग बहुधा प्रौढांत दिसे. आतां विशींतील तरुणांनाहि तो गांठतो. जेवणानंतर अडकित्त्यानें कातरलेली चिमूटभर सुपारी पानांत घालून खाणें वेगळें, आणि पुडींतील वाळलेली सुपारी दिवसभर गालांत धरून ठेवणें वेगळें. विदर्भांतील खर्रा आणि इतरत्र मिळणारा मावा यांतहि मुख्य भाग सुपारीचाच असतो. महाराष्ट्र शासनानें २०१२ सालीं गुटखा व पानमसाला यांवर बंदी घातली. पण गोड, सुगंधी सुपारी लहान मुलाच्या हातावर ठेवणारे वडीलधारे घरांतच असतात. तेथें कायद्याचा हात कसा पोंचावा?

प्रश्न केवळ तोंड उघडण्याचा नाहीं. केरळांतील एर्नाकुलम जिल्ह्यांत अशा ६६ रोग्यांवर सतरा वर्षें लक्ष ठेवण्यांत आलें. त्यांपैकीं पांच जणांना तोंडाचा कर्करोग झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या निर्णयांत नुसती सुपारीहि कर्करोगकारक ठरविली आहे.

उपचार आहेत. टोंचून औषध देतात, लोह व जीवनसत्त्वें देतात, तोंडाचे व्यायाम सांगतात, प्रसंगीं शस्त्रक्रियेनें पट्टे कापतात. परंतु एकदां जमलेले तंतु पूर्ववत् मऊ करण्याची विद्या अद्याप हातीं आलेली नाहीं. सुपारी सुटली नाहीं तर उपचारहि व्यर्थ जातात.

परीक्षा सोपी आहे. निरोगी प्रौढ माणसाच्या वरच्या व खालच्या पुढील दातांमध्यें त्याचीं स्वतःचीं तीन बोटें उभीं मावतात. तीं मावेनाशीं झालीं, किंवा नेहमींचें तिखटहि झोंबूं लागलें, तर त्यानें सुपारी त्याच दिवशीं सोडावी आणि दंतवैद्याला तोंड दाखवावें. सुपारीचें पूजेंतील स्थान कोणी हिरावून घेत नाहीं. तें तिनें सुखानें भोगावें. मुखांतील स्थान मात्र तिला देऊं नये.