निकाल पाठीत असतो

जिल्ह्याची शरीरसौष्ठव स्पर्धा असली की माझा जजचा दिवस सकाळी 10 वाजता वजनकाट्यापाशी सुरू होतो. वर्ध्याहून एस.टी.नं हिंगणघाट, स्टँडवर तर्री-पोहे, मग हॉल. पोहे बाहेरच आटपून येतो, कारण काट्याच्या रांगेतल्या बऱ्याच पोरांनी रात्रीपासून पाण्याचा घोटही घेतलेला नसतो. 55 किलोच्या गटासाठी दोनशे ग्रॅम जास्त भरले, की पोरगा स्वेटर चढवून धावायला निघतो. मी त्याला अडवतो, वरच्या गटात खेळ म्हणतो. 1992 साली मोहम्मद बेनाझीझा हा नामांकित व्यावसायिक खेळाडू हॉलंडमधल्या स्पर्धेनंतर काही तासांतच गेला. अंगातलं पाणी अतोनात काढलं होतं. प्रत्येक काट्यापाशी मी हे सांगतो.

दुपार याद्या, नंबरचे बिल्ले आणि स्टेजवर घालायच्या ट्रंकच्या तपासणीत जाते.

5 वाजता जजांची बैठक. सात जज असले तर प्रत्येक खेळाडूचा एक सर्वात वरचा आणि एक सर्वात खालचा क्रमांक काढून टाकतात, उरलेल्या पाचांची बेरीज होते. ज्याची बेरीज सर्वात कमी, तो पहिला. दोघांना एकच क्रमांक द्यायचा नाही. मला हा नियम फार मोलाचा वाटतो, कारण तो जजला निर्णय घ्यायलाच लावतो.

6 वाजता पहिला गट स्टेजवर येतो आणि खरं काम सुरू होतं. आधी क्वार्टर टर्न, म्हणजे चारही बाजूंनी सहज उभं राहणं. त्यात बांधा कळतो, खांदा-कंबर-मांडीचं प्रमाण कळतं. मग सात सक्तीच्या पोझ. समोरून डबल बायसेप्सला हॉल दणाणतो. शिट्ट्या वाजतात, दंड खरोखरच सुरेख असतात. पण माझा कागद अजून कोराच असतो. मी थांबतो ते सगळे पाठमोरे होईपर्यंत.

मागून डबल बायसेप्स. एक पाय मागे, चवड्यावर टेकलेला. या एका पोझमध्ये मान, खांदे, दंड, पाठीचे सगळे थर, कंबर, नितंब, मांडीची मागची बाजू आणि पोटरी एकदम दिसतात. इतके स्नायू दुसऱ्या कुठल्याही पोझमध्ये दिसत नाहीत. इथं रांग उलटीपालटी होते. समोरून पहिला वाटणारा पोरगा चौथ्यावर घसरतो, कारण कमरेवर अजून चरबीचा पातळ थर असतो आणि मांडी मागून सपाट. तालुक्याच्या जिममध्ये आरसा समोरच्या भिंतीवर असतो. जे आरशात दिसतं तेच पोरं घडवतात. त्यांचा मला राग येत नाही, त्यांना मागून बघणारं कोणी मिळालेलं नसतं. जवळ आलेल्या दोघांना पुन्हा पुढं बोलावून तुलना करतो, तेव्हाच क्रमांक लिहितो.

9 नंतर अंतिम फेरी, संगीतावर साठ सेकंदांची स्वतःची पोझिंग, शेवटी गटविजेत्यांमधून किताब. प्रेक्षकांना हेच आवडतं, आणि आवडावंच. कोल्हापूरचा सुहास खामकर 2010 साली मिस्टर आशिया झाला, तेव्हापासून पोरं त्याचे व्हिडिओ बघून पोझिंग शिकतात.

11 वाजता, हॉल रिकामा होताना, कुणीतरी येतोच. ‘सर, मी पाचवा काहून आलो? माहे दंड तर सगळ्यात मोठे होते नं?’ मी त्याला पाठमोरा उभा करतो, त्याच्याच मोबाइलवर फोटो काढतो आणि दाखवतो. बराच वेळ बघून तो म्हणतो, ‘हे तं मी कधी पाह्यलंच नाही.’

जज मित्रांना माझी विनंती आहे: शेवटची एस.टी. चुकली तरी चालेल, पण या पोराला उत्तर दिल्याशिवाय हॉल सोडू नका. आणि पोरांनो, आजपासून महिन्यातून एकदा कुणाला तरी पाठीचा आणि पायांचा फोटो काढायला सांगा.