वेगळे होण्याचे मोल : ब्रिटन आणि युरोपीय महासंघ

एकत्र कुटुंबातला एखादा भाऊ वेगळे होण्याची भाषा करू लागतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा दोन इच्छा असतात. आपल्या कमाईचा हिशेब आपल्या हाती असावा ही एक, आणि आपल्या घरात आपला शब्द चालावा ही दुसरी. दोन्ही इच्छा स्वाभाविक आहेत. मात्र दुकान, गोदाम, विहीर आणि उधारीची खाती सामाईक असताना वेगळे होणे म्हणजे नेमके काय, याचा विचार पुष्कळदा चूल वेगळी मांडल्यानंतरच सुरू होतो. राष्ट्रांच्या बाबतीतही असेच घडते, हे ब्रिटनने आपल्या डोळ्यांदेखत दाखवून दिले.

२३ जून २०१६ रोजी ब्रिटिश मतदारांना विचारण्यात आले : युरोपीय महासंघात राहावे की बाहेर पडावे? ७२.२ टक्के मतदान झाले. त्यांपैकी ५१.९ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने, तर ४८.१ टक्के राहण्याच्या बाजूने पडली. इंग्लंड आणि वेल्स एकीकडे, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड दुसरीकडे, असे एकाच राज्याचे दोन भाग झाले.

आरंभापासूनचा संकोच

१९५७ च्या रोम कराराने सहा देशांनी युरोपीय आर्थिक समुदायाची स्थापना केली, तेव्हा ब्रिटन त्यात नव्हता. पुढे त्याने प्रवेश मागितला, परंतु फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गॉल यांनी १९६३ आणि १९६७ अशा दोन्ही वेळा नकार दिला. अखेर १ जानेवारी १९७३ रोजी प्रवेश मिळाला. दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, या सदस्यत्वावर सार्वमत झाले आणि सुमारे ६७ टक्के मतदारांनी राहण्याचा कौल दिला. तरीही मनातला संकोच गेला नाही. १९८४ मध्ये मार्गारेट थॅचर यांनी वर्गणीत मोठी सूट मिळवली. पुढे युरो हे सामाईक चलनही ब्रिटनने स्वीकारले नाही.

दोन्ही बाजूंचे बळ

बाहेर पडू इच्छिणाऱ्यांचा मुख्य मुद्दा स्वायत्ततेचा होता. ज्यांना आपण निवडून देतो त्यांनीच आपले कायदे करावेत, ही लोकशाहीची मूळ कल्पना आहे. महासंघात मात्र अनेक नियम ब्रसेल्समध्ये ठरत आणि त्यांचा अंतिम अर्थ लक्झेंबर्गचे न्यायालय लावी. २००४ मध्ये दहा नवे देश महासंघात आले, तेव्हा ब्रिटनने तेथील कामगारांसाठी आपली दारे तत्काळ उघडली. शेतीकामासाठी पूर्व युरोपातून मोठ्या संख्येने माणसे आलेल्या लिंकनशायरमधील बॉस्टन या गावी पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक मते बाहेर पडण्यासाठी पडली. तेथील लोकांच्या अस्वस्थतेला केवळ अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल.

राहू इच्छिणाऱ्यांचे म्हणणेही तितकेच भक्कम होते. ब्रिटनचा जवळपास निम्मा व्यापार महासंघाशी होता आणि एकसंध बाजारपेठेत सीमेवर जकात नव्हती की तपासणी नव्हती. शिवाय उत्तर आयर्लंडचा प्रश्न होता. तीन दशकांच्या रक्तपातानंतर १९९८ च्या करारामुळे तेथे शांतता आली. आयर्लंडच्या दोन भागांतील सीमा जवळजवळ अदृश्य झाली होती, याचे एक कारण दोन्ही भाग महासंघात होते हे होय. या सीमेचे पुढे काय, हा प्रश्न प्रचारात फारसा ऐकू आला नाही. ऐकू आला तो बसवर रंगवलेला आकडा : आठवड्याला ३५ कोटी पौंड. परत मिळणारी सूट त्यातून वजा केलेलीच नव्हती.

कौलानंतरचा हिशेब

बाहेर पडायचे ठरले. पण कसे, हे मतपत्रिकेवर नव्हते. नॉर्वेप्रमाणे बाजारपेठेत राहून नियम पाळायचे, की सारे संबंध तोडून नव्याने करार करायचा? थेरेसा मे यांचा करार २०१९ मध्ये संसदेने तीनदा फेटाळला. ब्रिटन प्रत्यक्ष बाहेर पडला तो ३१ जानेवारी २०२० रोजी, आणि नवा व्यापार करार ठरला त्याच वर्षीच्या २४ डिसेंबरला.

या कराराने मालावरची जकात टळली, कागदपत्रे मात्र टळली नाहीत. मालाच्या उगमाचा दाखला, सीमाशुल्काचे अर्ज, खाद्यपदार्थांसाठी पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र हे सारे आले. मोठी कंपनी त्यासाठी माणसे नेमू शकते. चार डबे चीज पाठवणाऱ्या लहान उत्पादकाला ते परवडत नाही. आपल्या समाजातील अनेक कुटुंबे लंडन आणि लेस्टरला, तर हिरेव्यापारातील अनेक कुटुंबे बेल्जियममधील अँटवर्पला स्थायिक आहेत. २०२१ पासून त्यांच्यामध्येही सीमाशुल्काची रेषा उभी राहिली आहे.

कौलानंतर लगेच मंदी येईल, हे भाकीत खरे ठरले नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. हानी झाली ती संथ गतीने. दीर्घकाळात उत्पादकता सुमारे ४ टक्क्यांनी कमी राहील, असा ब्रिटनच्या अर्थसंकल्पीय उत्तरदायित्व कार्यालयाचा अंदाज आहे. स्थलांतर घटण्याऐवजी काही काळ विक्रमी वाढले. युरोपीयांची जागा भारतासह इतर देशांतील लोकांनी घेतली. उत्तर आयर्लंडची सीमा जमिनीवरून हटून समुद्रात आली. लाभाच्या बाजूला स्वतंत्र करारांचा हक्क आहे. २४ जुलै २०२५ रोजी भारताशी झालेला व्यापार करार हे त्याचेच फळ.

मग बाहेर पडूच नये का?

असे सरसकट म्हणता येणार नाही. ग्रीनलंडने १९८२ मध्ये कौल घेतला आणि १९८५ मध्ये तो समुदायातून बाहेर पडला. त्याला आपल्या समुद्रातील मासेमारीवर ताबा हवा होता. हेतू एकच आणि स्पष्ट होता, वाटाघाटीही त्याभोवतीच झाल्या. ब्रिटनमध्ये एकाच शब्दात अनेकांनी आपापल्या निरनिराळ्या इच्छा पाहिल्या. त्या सर्व पुऱ्या होणे अशक्यच होते.

म्हणून आमच्या मते ब्रिटनची चूक बाहेर पडण्याच्या इच्छेत नव्हती. अटी ठरण्याआधी कौल घेण्यात आणि अटी ठरल्यावर जनतेला पुन्हा न विचारण्यात होती. वाटणीचा कागद वाचल्यावाचून सही करू नये, हे व्यापारी घरातल्या मुलालाही शिकवले जाते. आता दोन्ही पक्ष पुन्हा हळूहळू जवळ येत आहेत. २०२३ मध्ये उत्तर आयर्लंडविषयीचा विंडसर करार झाला, २०२४ पासून ब्रिटन युरोपच्या संशोधन कार्यक्रमात परतला, आणि मे २०२५ मध्ये लंडनच्या बैठकीत मासेमारी व अन्नतपासणीविषयी नवी सहमती झाली. भाऊ वेगळे झाले तरी अंगणाची भिंत सामाईकच असते. तिची डागडुजी दोघांनाच करावी लागते.