खास शिबिरात नेमकं काय मिळतं?

ग्वाल्हेरमधल्या शंकरपूरच्या श्रीमंत माधवराव सिंधिया स्टेडियममध्ये जून २०२४ मध्ये मध्य प्रदेश लीगचा पहिला हंगाम झाला. ग्वाल्हेर चीताजचे सामने मुलांनी डोळ्यांसमोर पाहिले. मग ६ ऑक्टोबरला तिथेच भारत-बांगलादेश टी-ट्वेन्टी सामना आला आणि वेगवान गोलंदाज मयंक यादवने पदार्पणातलं पहिलंच षटक निर्धाव टाकलं. त्यानंतर लश्करपासून मोरारपर्यंत दर दुसऱ्या पोराला वेगवान गोलंदाज व्हायचं असलं, तर त्यात नवल नाही. उन्हाळा जवळ आला की पालक विचारू लागतात: फास्ट बॉलिंगचं खास शिबिर कुठे आहे? फी किती? किती दिवसांत स्पीड वाढेल? या प्रश्नांमागे काही समजुती दडलेल्या आहेत, आणि त्यांतली पहिलीच सर्वांत धोक्याची.

समजूत अशी, की जितके जास्त चेंडू टाकाल तितका वेग वाढेल. वस्तुस्थिती उलट आहे. वाढत्या वयात कण्याच्या खालच्या मणक्यांची हाडं पूर्ण पक्की झालेली नसतात. गोलंदाज पुढचा पाय आपटतो तेव्हा त्याच्या वजनाच्या कित्येक पट भार अंगावर येतो, आणि त्याच क्षणी कमर वाकते, वळते. हे पुरेशा विश्रांतीशिवाय रोज होत राहिलं, तर मणक्याच्या मागच्या नाजूक भागात बारीक तडा जातो. उजव्या हाताने टाकणाऱ्या मुलाला तो बहुधा डाव्या बाजूला जातो. सुरुवातीला फक्त कमर दुखते. घरचे बाम लावतात, मूल पुन्हा नेटमध्ये उतरतं.

इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाने यासाठी आखलेली मर्यादा बरीच वर्षं जगभर आधाराला घेतली जाते. १३ वर्षांपर्यंतच्या वेगवान गोलंदाजाने एका स्पेलमध्ये ५ आणि दिवसभरात १० षटकं, १४-१५ वर्षांच्या मुलाने ६ आणि १२, त्यानंतर १९ वर्षांपर्यंत ७ आणि १८. आठवड्यात ४ दिवसांहून जास्त गोलंदाजी नाही आणि सलग २ दिवसांहून जास्त तर नाहीच. आता आपल्याकडचं चित्र बघा. सकाळी शिबिर, संध्याकाळी क्लबचं नेट, रविवारी मॅच. १५ वर्षांच्या मुलाची दिवसाची मर्यादा म्हणजे ७२ चेंडू. फलंदाज एकामागून एक पॅड बांधून येत असतील, तर नेटमध्ये एवढे चेंडू सहज टाकून होतात. मोजत कोणीच नसतं, आणि नेटमधले चेंडू चेंडूच नाहीत असं सगळे धरून चालतात. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात, पारा ४५च्या आसपास असताना, हा हिशोब आणखी कडक हवा.

ज्या मयंकला पाहून पोरं वेडी झाली, त्याचीच गोष्ट घ्या. बांगलादेशविरुद्धच्या त्या मालिकेनंतर कमरेच्या दुखापतीमुळे तो कित्येक महिने मैदानाबाहेर होता. त्याच्याजवळ फिजिओ होते, बोर्डाची यंत्रणा होती. आपल्या गल्लीतल्या पोराजवळ यातलं काय आहे?

वेगवान गोलंदाजीच्या चांगल्या शिबिराचं खरं काम वेग वाढवण्याच्या आधी सुरू होतं. चेंडू टाकताना कमर फलंदाजाकडे आणि खांदे आडवे, अशी सरमिसळ असेल तर कणा पिळवटतो. जाणता कोच पहिल्याच दिवशी ती पकडतो. चेंडूचंही तसंच. क्रिकेटच्या नियमांत मोठ्यांच्या चेंडूचं वजन सुमारे १५६ ते १६३ ग्रॅम आहे, महिलांच्या १४० ते १५१ आणि १३ वर्षांखालच्या मुलांच्या १३३ ते १४४. तरी आपल्याकडे ११ वर्षांच्या मुलाच्या हातात मोठ्यांचा चेंडू देतात, वर कौतुक करतात. हे कौतुक मला कधीच पटलेलं नाही.

दुसरी समजूत सर्टिफिकेटची. नामांकित खेळाडूच्या सहीचा कागद मिळाला की निवड सोपी होते म्हणे. होत नाही. निवड होते ती डिव्हिजन असोसिएशनच्या ट्रायलमधून, मग आंतरविभागीय सामन्यांतल्या धावा आणि बळींवरून, मग राज्याच्या संघात. तिथे कागद लागतो तो जन्मतारखेचा. १६ वर्षांखालच्या मुलांच्या हाताचा-मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय तपासलं जातं, आणि वय चोरलेलं सापडलं तर भारतीय क्रिकेट बोर्ड २ वर्षांची बंदी घालतं. वर्षभर मागे-पुढे करून देतो म्हणणाऱ्या माणसापासून चार हात दूर राहा.

तिसरी समजूत: मूल काय होणार ते लवकर ठरवून त्याला त्याच साच्यात घालायचं. इथे ग्वाल्हेरकरांना त्यांच्याच मैदानाची आठवण करून द्यावी लागेल. १९८७ साली मद्रासला एमआरएफ पेस फाउंडेशन सुरू झालं, डेनिस लिली शिकवायला होते. मुंबईहून १४ वर्षांचा एक मुलगा वेगवान गोलंदाज व्हायला तिथे गेला. लिलींनी त्याला फलंदाजीकडे लक्ष द्यायला सांगितलं. तोच सचिन तेंडुलकर २४ फेब्रुवारी २०१० रोजी रूपसिंह स्टेडियमवर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १४७ चेंडूंत नाबाद २०० करून गेला. त्या शिबिरात सचिनला मिळालेली सर्वांत मोलाची गोष्ट होती एक स्पष्ट नकार. फी घेऊन असा नकार देणारे कोच आज किती असतील?

   

इंदूर, मुंबई, दिल्ली गाठल्याशिवाय काही होत नाही, हेही आता जुनं झालं. ईश्वर पांडे आणि कुलदीप सेन हे वेगवान गोलंदाज रीव्याचे. २०२२ साली मध्य प्रदेशने रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मुंबईलाच हरवलं, तेव्हा प्रशिक्षक होते मुंबईचेच चंद्रकांत पंडित. त्याआधी त्यांनी विदर्भालाही सलग दोनदा करंडक मिळवून दिला होता. त्यांच्या नावाशी जोडली जाते ती कडक शिस्त, हंगामभराची. आठ दिवसांत शिकवता येणारी जादू नव्हे.

पंडित स्वतः यष्टिरक्षक. खास शिबिराची सर्वांत जास्त गरज याच मंडळींना असते, कारण रोजच्या नेटमध्ये कीपरकडे कोणी बघतच नाही. गंमत म्हणजे जाहिराती मात्र वेगाच्या आणि सिक्सरच्या.

तेव्हा या उन्हाळ्यात फी भरण्याआधी कोचना तीनच गोष्टी विचारा. माझा मुलगा, माझी मुलगी दिवसाला किती चेंडू टाकणार? ते कोण लिहून ठेवणार? शिबिर संपल्यावर घरच्या कोचसाठी काय सुधारायचं ते लिहून देणार का? उत्तरं गोलमोल आली, तर पैसे खिशातच राहू द्या.