कोरांटी फुलत नाही? छाटणी कधी केली ते आठवा

फारसे लाड न करताही ऐन थंडीत बहरणारे सदाहरित झुडूप म्हणजे कोरांटी. जांभळ्या, गुलाबी आणि पांढऱ्या फुलांच्या या झुडपाचे शास्त्रीय नाव बार्लेरिया क्रिस्टाटा. मात्र काही बागांत ते हिवाळाभर नुसतेच हिरवे राहते. अशा वेळी खत वाढवण्याआधी छाटणीची वेळ तपासावी.

कोरांटीची फुले फांद्यांच्या शेंड्यांजवळ, पानांच्या बेचक्यांत येतात. पावसाळ्यात वाढलेले शेंडे दसरा-दिवाळीच्या साफसफाईत कापले, की त्यांच्यासोबत येणारा बहरही जातो. म्हणून छाटणी फुले ओसरल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये करावी. नव्या फांद्यांना वाढायला पुरेसा वेळ मिळतो. छाटलेल्या झुडपाच्या वीतभर लांबीच्या फांद्या पावसाळ्याच्या सुरुवातीला लावल्यास सहज रुजतात. जागा उन्हाची आणि पाण्याचा निचरा होणारी हवी. सावलीत पाने वाढतात, फुले कमी येतात. नत्रयुक्त खताचा अतिरेकही तेच करतो.

पिवळ्या फुलांची काटेरी कोरांटी, म्हणजेच वज्रदंती, आयुर्वेदात औषधी मानली जाते. तरीही बागेतल्या पाल्याचा काढा वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नये.