नोंदवही घेऊन डॉक्टरांकडे

ताप थर्मामीटरने मोजता येतो. पण मूल वर्गात जागेवर बसत नाही, सांगितलेले विसरते, रोज पेन्सिल हरवते, हे कशाने मोजायचे? अवधान टिकत नाही, चंचलता फार, अशा अवस्थेला 'एडीएचडी' म्हणतात. केवळ रक्त तपासून किंवा मेंदूचे चित्र काढून तिचे निदान होत नाही.

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या निकषांनुसार लक्षणे किमान सहा महिने टिकलेली, वयाच्या बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली आणि दोन किंवा अधिक ठिकाणी, म्हणजे उदाहरणार्थ घरी आणि शाळेत, दिसणारी हवीत. डॉक्टरांसमोर मूल जेमतेम अर्धा तास असते, आणि नव्या जागी कधीकधी अगदी शहाण्यासारखे बसते! निदानाला लागणारी बरीच माहिती पालकांकडे आणि शिक्षकांकडेच असते.

मात्र ती निरीक्षणाच्या रूपात हवी. 'फार त्रास देतो' हे मत झाले. 'गणिताच्या गृहपाठाला ४० मिनिटे लागली, सात वेळा उठला' ही नोंद झाली.

उपचारातही हेच. सहा वर्षांखालील मुलांसाठी पहिला उपचार गोळी नव्हे, तर वर्तन कसे हाताळावे याचे पालकांना प्रशिक्षण. मोठ्या मुलांना मिथाइलफेनिडेट हे औषध देतात. त्याच्या साध्या गोळीचा परिणाम साधारण चार तास राहतो. काहींची भूक मंदावते, झोप लांबते. डबा तसाच परत आलेला पाहून आई धास्तावते, गोळी बंद करते आणि संकोचाने डॉक्टरांना सांगत नाही. गुण दिसत नाही म्हणून डॉक्टर मात्रा वाढवतात. प्रयोगशाळेत चुकीचे वाचन दिले, तर गणित बरोबर असूनही उत्तर चुकते. इथे ते उत्तर मुलाच्या शरीरावर लिहिले जाते.

म्हणून वहीत गोळीची वेळ, जेवण, झोप आणि चुकलेल्या गोळ्याही लिहाव्यात. गुण किती दिवसांत दिसेल, कोणत्या त्रासाला लगेच कळवायचे, हे डॉक्टरांना नि:संकोच विचारावे. कुठे जावे हेच कळत नसेल, तर 'टेलि-मानस'च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

शिक्षकांनी पालकांच्या संमतीने त्या वहीत आठवड्याला दोन ओळी लिहाव्यात. त्यांतली एक, मुलाला काय जमले याची असावी. ती ओळ मूलही वाचणार आहे.