‘सॉरी’ आणि माफी

आमच्या घरात दिवसातून वीसदा तरी ऐकू येणारा इंग्रजी शब्द म्हणजे ‘सॉरी’. धक्का लागला, सॉरी. दूध उतू गेले, सॉरी. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘सोअर’च्या, म्हणजे दुखऱ्या जागेच्या कुळातला. ज्याचे मन दुखते आहे तो सॉरी. आता वापरून वापरून तो इतका गुळगुळीत झाला आहे की दुखणे त्यात उरलेच नाही.

त्याचे भाऊबंद पुष्कळ. ‘रिग्रेट’ हा कचेरीतला शब्द. झाले ते वाईट झाले, एवढेच तो सांगतो. कोणामुळे, ते सांगत नाही. गाडी उशिरा आली की स्टेशनवर मराठीत ‘दिलगीर’ आणि हिंदीत ‘खेद’ ऐकू येतो, तो याच जातीचा. ‘अपॉलॉजी’चे मूळ ग्रीक, आणि तिथे त्याचा अर्थ होता बचावाचे भाषण! (‘सॉरी, पण तूसुद्धा...’ ही घरगुती माफी अजून तिथेच आहे.) ‘रिमोर्स’ लॅटिनमधून आला: पुन्हा चावणे. आपला ‘पश्चात्ताप’ त्याच्या जवळचा, फक्त तो चावत नाही, मागाहून पोळतो.

माफीचे मूळ अरबी ‘अफ्व’, म्हणजे पुसून टाकणे. मगफिरतमध्ये झाकणे आहे. डोके झाकणारे शिरस्त्राण ‘मिग्फर’ त्याच धातूचे. आणि तौबा म्हणजे परतणे. नुसते वाईट वाटून भागत नाही, चुकीच्या वाटेवरून पाय मागे फिरावे लागतात. बंद्याचा हक्क मारला असेल तर माफीही त्या बंद्याकडेच मागावी लागते. म्हणूनच हजला निघण्याआधी लोक घरोघर जाऊन ‘कहा-सुना माफ करना’ म्हणतात.

आमच्या चाचांनी हे काम मोबाइलवर उरकले. एकच मजकूर, सगळ्या नातेवाइकांना, शेवटी ‘सॉरी फॉर एव्हरीथिंग’. फुफींना आम्हीच तो वाचून दाखवला. आजोबांच्या घरातला त्यांचा हिस्सा अठरा वर्षे राहिलेला.

‘कशाबद्दल, ते लिहिलंय का?’ त्यांनी विचारले.

आम्ही ते चाचांना जसेच्या तसे कळवले. दुसऱ्या दिवशी ते स्वतः आले. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलले. मग म्हणाले, ‘आपा, तुमचा हिस्सा मी दाबून ठेवला.’

‘आता बोललास,’ फुफी म्हणाल्या. ‘कागद कधी करतोस?’

हजला निघायच्या चार दिवस आधी कागद झाले.