समर्पणाचा जामीनदार

ख्रिस्ती माणसाच्या रोजच्या प्रार्थनेत भाकरीची मागणी नंतर येते. त्याआधी देवाची इच्छा पूर्ण होवो, असे म्हणावे लागते. आमच्या नव्या मुंबईत रविवारी सकाळी हे मागणे मराठीत, मल्याळीत, कोकणीत केले जाते. तोंडाने म्हणायला ते सोपे आहे. गेथशेमाने बागेत खुद्द येशूने दुःखाचा प्याला टळावा असे आधी मागितले, आणि मगच पित्याच्या इच्छेपुढे मान झुकवली. म्हणजे इच्छाच नसणे हे समर्पण नव्हे. इच्छा असते, हवीशी असते, आणि तीच सोपवायची असते.

मराठीत याचे ठसठशीत उदाहरण म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांचा जन्म १८६१चा, बाप्तिस्मा १८९५चा. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानत. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही तिथे जागा असावी, हा त्यांचा हट्ट. दोनच वर्षांनी, मे १९१९मध्ये, ते गेले.

एक तारखेच्या पगारावर आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्या बँकवाल्याला त्या राजीनाम्याचा धाक वाटतो. आणि लगेच बँकेतलाच प्रश्न पडतो: जामीनदार कोण? कर्ज एकजण घेतो. हप्ते थकले की नोटीस दुसऱ्याच्याही दारात जाते. टिळकांच्या समर्पणाच्या कागदावर लक्ष्मीबाईंचे नाव न विचारताच लिहिले गेले होते. १८९५ साली नवऱ्याने धर्म बदलला, तेव्हा त्यांच्या पदरात लहान मूल होते. पुढली काही वर्षे त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या. त्यातला काही काळ पंढरपुरात. आपल्या समर्पणाने दुसऱ्याचा संसार मोडत असेल, तर ती देवाची इच्छा की आपलीच, असे कोणी टिळकांना विचारले असते तर? मला तरी ते विचारायला हवे होते असे वाटते. थोर माणसांच्या चरित्रांत बायकांचे हप्ते फारसे कोणी मोजत नाही.

‘स्मृतिचित्रे’ वाचताना मात्र जाणवते की बाईंनी आपली इच्छा नवऱ्याच्या स्वाधीन केली नाही. त्या परत आल्या तरी त्यांचे सोवळे चालूच होते. ते सुटले ते त्यांच्याच विचाराने, आणि बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, पाच वर्षांनी. टिळकांनी वाट पाहिली, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. मला विचाराल तर या घरातले खरे अवघड समर्पण बाईंचे. टिळकांना साद ऐकू आली की ते निघत. बाईंना आधी भांडावे लागे, हसावे लागे, चूल पेटवावी लागे.

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचे महाकाव्य सुरू केले होते. मृत्यूने ते थोड्याच अध्यायांवर थांबले. लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे बहुतेक सगळे अध्याय लिहिले.